धाकटीच्या यादीत नसलेलं कासव

कासव हरवलंय असं सांगितलं की माणसं आधी हसू दाबतात आणि मग विचारतात, "पळून गेलं का?" सहा दिवसांत भिंगरीला हा प्रश्न तेवीस जणांनी विचारला, आणि तेवीसच्या तेवीस जणांना हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटत होतं. चोविसावा माणूस भेटला तर त्याला चावायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

भिंगरी हे नवऱ्यानं लाडानं ठेवलेलं नाव, आणि ते तिला अगदी फिट्ट बसलं होतं. लिफ्ट यायला दहा सेकंद लागले की ही जिन्यानं निघालीच. दूध तापायला वेळ लागतो म्हणून गॅस मोठा करायचा आणि मग उतू गेलेलं पुसत बसायचं, हा तर रोजचा कार्यक्रम. अशा बाईच्या घरात कासव असावं आणि त्या कासवाचं नाव धांदल असावं, हा निव्वळ योगायोग. नाव सासूबाईंनी ठेवलेलं, एकतीस वर्षांपूर्वी, भिंगरी या घरात येण्याच्या कितीतरी आधी. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. धांदल राहिली. सासरे रोज सकाळी मागच्या अंगणात खुर्ची टाकून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत, छोट्या जाहिरातींसकट.

आणि गेल्या शुक्रवारी, ऑफिसला उशीर होतोय म्हणून पळत पळत कपडे वाळत घालणाऱ्या भिंगरीनं अंगणाचं दार उघडं टाकलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासरे अंगणात उभे होते. "हे दार कुणी उघडं टाकलं?" त्यांनी विचारलं. ओरडून नाही, अगदी हळू. भिंगरीच्या तोंडून कसं कोण जाणे निघून गेलं, "वाऱ्यानं उघडलं असेल, बाबा." त्या दाराची कडी अशी जड, की माणसालाही ती सरकवायला दोन हात लागत. सासऱ्यांनी कडीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाले, "हं. वाराच असेल." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

नवरा दहा दिवसांसाठी कामानिमित्त परगावी गेलेला, घरात ही दोघंच. सासरे जेवताना गप्प. गॅस बंद आहे का ते तीन तीनदा जाऊन बघायचे. बाहेर पडताना कुलूप ओढून बघायचे, चार पावलं जाऊन परत यायचे आणि पुन्हा ओढून बघायचे. खिशात कागदाचे कपटे, त्यांवर बारीक अक्षरात काही काही लिहिलेलं. दुपारी "पाय मोकळे करून येतो" म्हणून जायचे ते तीन तीन तास. जन्मभर नकाशे काढलेला, केसाइतकी रेघ न चुकणारा माणूस असा वागायला लागला, तेव्हा भिंगरीनं त्याचा अर्थ एकच लावला. कासवाच्या दुःखानं बाबा खंगत चालले आहेत आणि हे पाप आपलं आहे. धांदल घरी आल्याशिवाय खरं सांगायला आपल्याला तोंड नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. आणि धांदल आणायची तर ती आजच आणायला हवी होती. सापडलेल्या प्राण्याला सात दिवसांत मालक आला नाही, तर तो मागेल त्याला देऊन टाकायचा, असा नियम होता. आज पुन्हा शुक्रवार होता.

नियम तिला पाठ असणारच. गंमत बघा, बाई कामाला होती ती मुळी हरवलेल्या प्राण्यांच्या कार्यालयात. शहरभर बारा केंद्रं. कुणाला रस्त्यात कुत्रं सापडलं, गच्चीवर मांजर सापडलं, की माणसं ते जवळच्या केंद्रात आणून देत. ज्यांचं हरवलं ते तक्रार नोंदवत. दोघांची गाठ घालून द्यायचं काम कॉम्प्युटरचं, आणि कॉम्प्युटरची देखभाल भिंगरीची. बाराही केंद्रांना तिनं फोन केले होते. बाराही केंद्रांनी समोरच्या स्क्रीनवर पाहून एकच सांगितलं होतं, "कासवं आहेत, पण तुमच्या तक्रारीशी जुळलेलं एकही नाही." भिंगरीचा आपल्या मशीनवर असा काही विश्वास, की जुळलं नाही म्हणजे आपलं नाही, एवढं ऐकून ती फोन ठेवायची.

आता ही मशीनची भानगड थोडी समजून घ्यायला हवी. फार अवघड नाही, कार्यालयातल्या झाडूवाल्या मावशींनाही ती पाठ होती. सर्व्हर दोन. एकीला सगळे थोरली म्हणत, दुसरीला धाकटी, जावा-जावा असल्यासारखं. बारा केंद्रांची प्रत्येक नोंद आधी थोरलीकडे जाई. धाकटी म्हणजे तिची रेप्लिका, जशीच्या तशी नक्कल. लोकांनी वेबसाइटवर पाहायचं ते धाकटीकडचं, केंद्रांच्या स्क्रीनवर दिसायचं ते धाकटीकडचं, मालकांना "तुमचा प्राणी सापडला" असे मेसेज जायचे तेही धाकटीकडून. थोरलीला मधे मधे प्रश्न विचारून बेजार करायचं नाही, हा नियम खुद्द भिंगरीनं केला होता.

पण थोरली धाकटीला आयत्या याद्या पाठवत नसे. ती फक्त हुकूम पाठवी: मी हे केलं, तूही कर. रोज सकाळी दहाला जुळणी सुरू होई. थोरली एक टेम्पररी टेबल उघडी, म्हणजे एक कच्ची यादी, जी काम चालू आहे तोवरच असते आणि मशीन बंद पडलं की जाते. आदल्या दिवशी सापडलेले प्राणी एकेका केंद्राचे त्यात भरायचे, हरवल्याच्या तक्रारींशी ताडून बघायचे, जुळतील त्या जोड्या पक्क्या यादीत उतरवायच्या आणि कच्ची यादी पुसून टाकायची. पाऊण तासाचं काम. हुकूम येतील तसतशी धाकटी आपल्याकडेही तशीच कच्ची यादी करत जाई, आणि काम मोठं असल्यामुळे तेवढा पाऊण तास ती जरा मागे पडे. मग भरून काढी. चार वर्षं दोघींचं छान चाललं होतं, खऱ्या जावांचंही चालत नाही इतकं छान.

तर आज शुक्रवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी भिंगरीनं स्क्रीन उघडला. धाकटी सहाशे सेकंद मागे होती. "मेली ही, कासवाच्या वरताण," भिंगरी पुटपुटली. शनिवारपासून रोज करत होती तेच तिनं आजही केलं. धाकटी रीस्टार्ट केली, म्हणजे झडझडून जागी होईल आणि ताजी यादी दाखवील. मग खुर्ची मागे ढकलली आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन केंद्रांना फोन लावत सुटली.

परत आली तर धाकटी लाल. लाल म्हणजे ठप्प. स्क्रीनवर एरर होती: अमुक नावाचं टेबल अस्तित्वात नाही.

"नाही कसं?" भिंगरी स्क्रीनला म्हणाली. थोरलीनं टेबल उघडल्याशिवाय त्यात भरण्याचा हुकूम येईलच कसा. आणि हे असं पूर्वी कधी झालेलं तिला आठवेना. शेजारच्या टेबलावरचे ऑपरेटर दादा असते तर त्यांना विचारलं असतं, पण दादा आज दाढ काढायला गेले होते. तिनं त्यांना फोन लावला.

"दादा, धाकटी अडकली आहे. टेबल नाही म्हणते."

"हो, म्हणते," दादा दवाखान्यातून शांतपणे म्हणाले. दादा हा माणूस आग लागली तरी आधी चहा संपवील असा. "रोजच म्हणते. शनिवारपासून."

"शनिवारपासून? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू कॉरिडॉरमध्ये फोनवर असतेस. म्हटलं, बिचारी कासवाच्या काळजीत, तिला कशाला त्रास द्या. मी उडी मारतो, की होते हिरवी. कधी चार उड्या लागतात, कधी आठ."

उडी म्हणजे एक बटण. धाकटी एखाद्या फुटकळ हुकमावर अडली, तर तो हुकूम ओलांडून तिनं पुढं जावं, म्हणून चार वर्षांपूर्वी भिंगरीनंच ते करून ठेवलं होतं. किरकोळ काही असेल तर दाबा, असं तिनं दादांना सांगितलं होतं. किरकोळ कशाला म्हणायचं ते सांगायचं मात्र राहून गेलं होतं, आणि दादांच्या स्वभावाला जगातलं सगळंच किरकोळ.

भिंगरीनं फोन ठेवला आणि लॉग, म्हणजे मशीनची रोजनिशी, उघडला. शनिवार, दहा वाजून पंधरा, रीस्टार्ट. दहा एकोणीस, टेबल नाही. दहा तीस, उडी, उडी, उडी, उडी. रविवारीही तेच, घरून. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. रीस्टार्ट तिचे, उड्या दादांच्या. एकमेकांपासून चार फुटांवर बसून दोघांनी आठवडाभर हा उद्योग केला होता आणि एकदाही एकमेकांना विचारलं नव्हतं.

ती वाचत गेली तसतसे तिचे कान तापायला लागले. धाकटीची कच्ची यादी अर्धी भरलेली असताना ही बया तिला बंद करत होती. बंद झाली की यादी गेली. थोरलीला त्याचा पत्ताच नाही, ती आपली पुढचे हुकूम पाठवतेय: यादीत हे भर, यादीतून जोड्या काढ. कुठल्या यादीत? म्हणून धाकटी अडायची. आणि दादा मायेनं तिला तो हुकूम ओलांडायला लावायचे. म्हणजे जोड्या उतरवायचाच हुकूम ओलांडला. धाकटी हिरवीगार, हसतमुख, आणि पोटात सहा दिवसांची एकही जोडी नाही. मागे पडते म्हणून घाई केली, आणि जे लवकर कळावं म्हणून घाई केली तेच त्या घाईत गेलं. भिंगरीला एकदम हसू फुटलं. मग रडू यायला लागलं. मग पुन्हा हसू.

तेवढ्यात कार्यालयाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आत आल्या. त्यांच्या हातात आठवड्याचा तक्ता होता आणि चेहरा पडलेला. "या आठवड्यात एकाही प्राण्याला मालक मिळाला नाही," त्या म्हणाल्या. "एकालाही नाही. लोकांची मायाच आटली आहे. मी वरती पत्र लिहिणार आहे, समाजात काहीतरी बिघडलंय असं."

"समाजात नाही हो बाई, माझ्यात बिघडलंय," भिंगरी म्हणाली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मोठ्या बाई ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. त्यांनी पत्राचा मसुदा घडी करून पर्समध्ये घातला.

"आता थोरलीकडे बघ," त्या म्हणाल्या. "नियम राहू दे बाजूला."

थोरलीकडे सगळं होतं. सात दिवसांच्या त्रेचाळीस जोड्या, ओळीनं. कुत्री, मांजरं, एक बदक, दोन ससे. आणि एकोणिसाव्या ओळीत: कासव, मादी, कवचाला डावीकडे खपली. सापडलं शुक्रवारी पाच चाळीसला, बेकरीच्या मागे. केंद्र नऊ. बेकरी घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. दिवसभर चालून बाईसाहेब तेवढ्याच पोहोचल्या होत्या. भिंगरी टेबलावर हात आपटणार, तोच तिला पुढचा रकाना दिसला: मालक आला नाही. दुसऱ्याचा अर्ज मंजूर. आज तीन वाजता सुपूर्द.

तिनं केंद्र नऊच्या राखणदाराला फोन लावला. त्याला परिस्थिती सांगितली. विनवलं.

"बाई, माझ्या स्क्रीनवर जुळणी दिसत नाही," राखणदार म्हणाला. "उद्या कोणीही फोन करून म्हणेल, माझं कासव. नियम तुमच्याच कार्यालयाचा आहे. आणि खरं सांगू का, अर्ज केलाय तो माणूस फार चांगला आहे. म्हातारे गृहस्थ आहेत. सोमवारपासून रोज येतात, तीन तीन तास बसतात, हातानं भरवतात. ती पण त्यांना बघितलं की मान बाहेर काढते. त्यांचं मन मी कसं मोडू?"

भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. चार दिवसांच्या ओळखीवर दुसऱ्यांची कासवं भरवणारा हा कोण टिकोजीराव? आणि धांदल, ती तरी काय, कुणालाही मान काढून दाखवते? "तीनच्या आत तुमच्या स्क्रीनवर दिसेल," ती म्हणाली.

पावणेबारा वाजले होते. आणि आता भिंगरीला ते करावं लागणार होतं जे तिला जन्मात जमलं नव्हतं: घाई न करणं. उडी मारून भागणार नव्हतं, गाळलेलं सगळं परत भरायला हवं होतं. तिनं धाकटीला हुकूम घेणं थांबवायला लावलं. मग, चार वर्षांत कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं: उघड्या टेम्पररी टेबलांची संख्या. शून्य. आता हात लावायला हरकत नव्हती. थोरलीकडची पक्की यादी अख्खी उचलून धाकटीकडे न्यायची, कुठपर्यंतचे हुकूम झाले ती खूण नीट लावायची, आणि यापुढे थोरलीनं नुसते हुकूम न पाठवता जे बदललं ते थेट पाठवायचं, म्हणजे कच्च्या यादीवाचून धाकटीचं अडायला नको. मोठ्या बाई मागे उभ्या राहून प्रत्येक पायरी कागदावर लिहून घेत होत्या. यादी हलायला लागली. चार टक्के. सहा टक्के.

"काही करू का?" एकवीस टक्क्यांना भिंगरीनं विचारलं.

"हातावर बस," मोठ्या बाई म्हणाल्या.

आणि ती खरोखरच दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली. दीड तास. झाडूवाल्या मावशी दोनदा येऊन बघून गेल्या, की ही आज आजारी तर नाही. अडतीस टक्क्यांना दादा आले, गाल सुजलेला, तोंडात कापूस. त्यांना काय झालं ते कळलं तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदा चहाचं नावही न काढता उठले आणि उडीच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी लावली, आडवी एक, उभी एक. दोन वाजून पाच मिनिटांनी यादी पूर्ण झाली. धाकटी सुरू केली. थोरलीच्या ओळी त्रेचाळीस, धाकटीच्या त्रेचाळीस. मागे: शून्य सेकंद. आणि मेसेज सुटले, एकदम त्रेचाळीस घरांना.

पाच मिनिटांत कार्यालयातला प्रत्येक फोन वाजायला लागला. एक आजोबा फोनवर नुसतेच रडत होते, एक बाई मांजराला फोनवर बोलवा म्हणत होती. दादा कापसातून सगळ्यांना पत्ते सांगत होते. "लोकांची माया आहे हो, आहे," मोठ्या बाई या टेबलावरून त्या टेबलावर फोन उचलत म्हणत होत्या. भिंगरीनं पर्स उचलली आणि लिफ्टकडे न बघता जिन्यानं सुटली.

बस मिळाली, पण दोन स्टॉप आधीच ती उतरली, कारण बस सिग्नलला उभी होती आणि हिला उभं राहवेना. केंद्र नऊच्या फाटकाशी पोहोचली तेव्हा तीनला दहा कमी होते. आत गोंधळ विचारू नका. एक जाडजूड गृहस्थ बदक काखेत धरून सगळ्यांना त्याचे गुण सांगत होता. एक कुत्रं आपल्या मालकिणीभोवती इतकं गोल गोल फिरलं होतं, की दोघांच्या पायांत साखळीचा गुंता झालेला. या सगळ्यातून वाट काढत, तोंडात भांडणाची पहिली ओळ तयार ठेवून, भिंगरी मागच्या शेडमध्ये शिरली. धांदल तिथंच होती, एका टोपलीशेजारी, हिरवा पाला चघळत. आणि तिच्या समोरच्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, मांडीवर रिकामी पिशवी धरून सासरे बसले होते.

भांडणाची ओळ तिच्या तोंडातच राहिली.

"तू?" सासरे दचकून उठले. "आज ऑफिस नाही?"

"हेच ते गृहस्थ," राखणदार मागून म्हणाला. "सांगितलं होतं ना. आता तुम्हीच बोला त्यांच्याशी."

"बाबा," भिंगरी म्हणाली, "ही आपली धांदल आहे."

"असेल," सासरे म्हणाले. त्यांनी पिशवीची घडी घातली, उलगडली. "मला तशी वाटली खरी."

"वाटली? एकतीस वर्षं तिला पेपर वाचून दाखवताय तुम्ही."

"म्हणूनच सोमवारी बघितल्या बघितल्या म्हटलं, ही आपली. यांनी स्क्रीनवर पाहिलं, म्हणाले, जुळत नाही. मी म्हटलं, ते सुनेचं मशीन आहे, ते चुकायचं नाही. चुकत असेन तर मीच. मग विचार केला, आपली नसली तरी असू दे, सात दिवस होतील, रीतसर अर्ज करू आणि नेऊ." त्यांनी धांदलपुढे पाल्याचं एक पान सरकवलं. "तुला सांगायला धीर झाला नाही. आधी दार विसरलो, आता कासवही ओळखता येईना. पोरीला किती काळज्या द्यायच्या?"

"दार तुम्ही कुठे विसरलात?"

"मग कोण? दिवसभर घरात मीच होतो. ती कडी वाऱ्यानं उघडते का कुठे? तू मला सांभाळून घेतलंस, ते काय कळत नाही मला? पण मनात बसलं, की डोक्यात काहीतरी बिघडायला लागलंय. म्हणून सगळं लिहून ठेवतो हल्ली. गॅस बंद केला, लिहिलं. कुलूप लावलं, लिहिलं."

सहा दिवस भिंगरी या माणसाचं दुःख बघत होती आणि ते दुःख कासवाचं नव्हतंच. एका वाक्यात खोटं बोलून तिनं त्यांचा स्वतःवरचा विश्वास काढून घेतला होता, आणि वर त्यांनी तिला मायाळू समजून मनातल्या मनात आभार मानले होते. लाजेनं तिला भर गर्दीत खाली बसावंसं वाटलं. ती बाकावर बसली आणि त्यांनाही हाताला धरून बसवलं.

"बाबा, दार मी उघडं टाकलं. कपडे वाळत घालताना, घाईत. आणि वाऱ्याचं खोटं सांगितलं, कारण माझी हिंमत झाली नाही. मशीनही मीच बिघडवलं, रोज बंद करून करून. जुळणी शनिवारीच झाली होती. तुम्ही काही विसरला नाहीत. तुम्ही बरोबर ओळखलंत आणि मशीन चुकलं."

सासऱ्यांनी पिशवी बाजूला ठेवली. "तू?"

"मी."

"दार तू?"

"हो."

"सहा दिवस, पोरी," ते म्हणाले. "सहा दिवस मी गॅसची बटणं मोजतोय."

"चुकलं माझं, बाबा. फार चुकलं." ती रडायला लागली, अगदी नाक ओढून ओढून. सासऱ्यांनी तिला रुमाल दिला. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू चढत गेलं. आधी भुवया वर गेल्या, मग खांदे.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही."

"आणि ही धांदलच आहे, हेही मला बरोबर कळलं होतं."

"पहिल्या नजरेत."

सासरे उभे राहिले. त्यांनी खिशातले कपटे काढले, राखणदाराला विचारून डबा शोधला आणि मूठभर कागद त्यात टाकले. मग त्याच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, "माझा अर्ज फाडा. मी अर्जदार नाही, मालक आहे. बघा तुमच्या स्क्रीनवर." राखणदारानं पाहिलं. एकोणिसावी ओळ आता तिथंही होती. सही करताना सासऱ्यांचा हात जरासुद्धा हलला नाही, नकाशाखाली करावी तशी सरळ रेषेत सही केली.

भिंगरीला वाटलं होतं, आता घरी जाईपर्यंत बाबा गप्प राहतील, आणि ते तिला कबूलच होतं. पण झालं भलतंच. बसस्टॉपवर पिशवीतून डोकावणारी धांदल बघून एका बाईंनी विचारलं, कुठं मिळालं हे कासव? "हरवलं होतं," सासरे छाती काढून म्हणाले. "दार उघडं राहिलं. आमच्या या सुनेनं टाकलं." बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, त्यालाही सांगितलं. पुढच्या सीटवरच्या दोन कॉलेजच्या मुलींनी विचारलंच नव्हतं, त्यांनाही सांगितलं, कडी किती जड आहे ते हातानं करून दाखवत. बेकरीवाल्याला सांगितलं. शेजारच्या काकांना मुद्दाम बाहेर बोलावून सांगितलं. प्रत्येक जण वळून भिंगरीकडे बघायचा, आणि ती दर वेळी मान हलवून म्हणायची, "हो, मीच. बाबांच्या लक्षात सगळं असतं."